भाच्याच्या तोंडाला कोरफड

कुणी कोरफडीचे गुण सांगायला लागलं की मला माझा भाचा सागर आठवतो, आणि चहाचा कप खाली ठेवावा लागतो.

निपाणीला मुलगी बघायला जायचं होतं. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आलेला, म्हणून निघायच्या सकाळी सागरनं तोंड उजळायला कोरफड चोळली. तीही कुठली? वडगावात त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या आक्कानं, कापड विणायच्या मागाच्या खोलीच्या दारावर नजर लागू नये म्हणून उलटी टांगलेली. वर पिवळा चीक निथळूही दिला नाही. तासाभरात गाल लालभडक, खाज वेगळीच.

आक्का कडाडली, "आरं, साऱ्या गल्लीची नजर तिच्यात मुरलीया, आन् ती तू तोंडाला फासलीस व्हय रं?"

"मोबाईलवर चिकाचं काय बी सांगितलं न्हवतं गं!"

गाडीत मी त्याचे हात धरून बसलो. मुलीकडे पोहे झाले. मुलगी गालावर पदर ओढून बसली होती. मी म्हटलं, "पोरी, काय विचारायचं असलं तर विचार."

तिनं सागरकडे नीट बघितलं. "चीक निथळू दिला न्हाय, व्हय?"

"तुमास्नी कसं कळलं?"

तिनं पदर बाजूला केला. तिचाही गाल तसाच लालभडक. तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

आक्का मात्र खुलली. "पत्रिका ऱ्हाऊ द्या, सुपारी फोडा. दोघांची अक्कल जुळलीया!"