दोन रजिया, एक जून

माझं नाव रजिया शेख, लातूरला मेस चालवते, पर मी मूळची हितली न्हाई, औशाकडची. भूकंपात जी गावं पडली त्यातलं एक आमचं. आमचे अब्बा मन्यार, बाजाराच्या गावी जाऊन बायांना बांगड्या भरायचे, घर म्हन्लं तर मातीत चुनलेल्या दगडाच्या जाड भिंती आन् वर माळवद, उन्हाळ्यात लई गार वाटायचं, आन् त्याच भिंतींनी आमची अम्मी नेली. अब्बा आन् मी बाहेरच्या बाजूला निजलेलो म्हनून वाचलो. मी बारकी होते, तिसरीत. अम्मीचं अजून वाईट वाटतं, किती वर्सं झाली तरी वाटतं, ते काही कमी होत न्हाई.

मंग पत्र्याच्या शेडात र्‍हायलो. शाळा बी पत्र्याचीच. जुन्या शाळेचं दप्तर सगळं मातीत गेलेलं, मंग नवे गुरुजी आले ते एकेकाला विचारून नव्यानं लिहून राहिले, जन्म कवाचा? आता कोन सांगनार, ज्याची माय हाय ती म्हनायची, ज्वारी निसवली होती तवा झाला, कोनी म्हनायचं, मोहरमच्या आधी, आन् माझी तर मायच न्हाई. गुरुजी भले मानूस, त्यांनी सगळ्यांना एक जून टाकलं. म्हन्ले, शाळेला बरं पडतंय. काय सांगू तुम्हाला, आमच्या शेडातली निम्मी लेकरं एकाच दिवशी जन्माला आलीत.

त्यात आमच्या वर्गात रजिया शेख दोन. ती उंच, म्हनून मोठी रजिया, मी बारकी रजिया. तिच्या घरचं कोनीच उरलं न्हाई, एक दादी तेवढी. सरकारची चादर एकेकाला एक, पर आम्ही दोघी एकीत निजायचो आन् एक अंगाखाली टाकायचो. जमीन परत हालली की ती माझा हात धरायची. पुढं ती नांदेडकडं दिली, मी लातूरला, आन् संबंध तुटला. फोन कुठं होते तवा.

आमचे हे, इस्माईल, बेकरीत कामाला होते. गरीब स्वभाव, माझ्या एकदम उलटा. लातूरला शिकवन्या वाढल्या तसं आमचं नशीब उघडलं बघा, नांदेड, परभनी, जळकोट, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला यायला लागली, आन् डॉक्टर व्हायच्या आधी जेवायला तर लागतंय ना. वरच्या खोलीत दोन पोरी राहायच्या, त्यांना डबा दिला, त्यांनी मैत्रिनींना सांगितलं, अशी मेस झाली. आमच्या मेसात मटन शिजत न्हाई, सगळ्या घरची पोरं येतात, ते घरी शिजवतो. जेवलं न्हाई तर मी पोरांना बोलते, लई बोलते, तुझी माय मला विचारील म्हनते. तरी पोरं माझ्याकडंच येतात.

गाळा भाड्याचा. मालक अप्पा, वानी, देवमानूस. ते लेकाकडं पुन्याला चालले तवा मला म्हन्ले, रजियाबाई, गाळा विकायलोय, पयला हक्क तुझा, पर जूनच्या आत सांग, मंग मी थांबनार न्हाई. शेजारचा झेरॉक्सवाला टपूनच बसलेला. गाळा गेला तर मेस गेली, पोरं चालत येतात तिथपर्यंत, लांब कोन येईल. मंग कर्जासाठी गेले बँकेत. छाती काढून गेले, कारन मी बचत गटाचं घेतलं, फ्रिजचं घेतलं, एक हप्ता चुकवला न्हाई.

बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटर बघितला, परत एकदा बघितला. म्हन्ल्या, ताई, तुमच्या नावावर पिठाच्या गिरनीचं कर्ज हाय, नांदेडकडल्या उमरीचं, आन् ते थकलंय, तुमचा कर्जफेडीचा स्कोर पार खाली हाय, असं असताना आम्हाला देता येत न्हाई. मी म्हन्ले, मॅडम, उमरी मी डोळ्यांनी बघितली न्हाई, गिरनीत मी दळन टाकते, गिरनी घेत न्हाई. मागं लाइनीत लोक उभे, सगळे माझ्याकडं बघून राहिले. लाज वाटली मला. चोरी न करता चोर ठरल्यावानी.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, तू कोनाला सही दिलीस का, जामीन र्‍हायलीस का? तेवढं विचारलं आन् मी दोन दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी.

मंग मॅडमनीच रस्ता सांगितला. आपल्या नावावरच्या कर्जांचा सगळा रिपोर्ट काढायचा, त्यात जे आपलं न्हाई त्याच्यावर हरकत घ्यायची, मोबाईलवरूनच होतंय. घेतली हरकत. महिनाभर वाट बघितली, उत्तर आलं, कर्ज देनार्‍याला विचारलं, माहिती बरोबर हाय म्हनतात. घ्या. चोराला विचारायचं चोरी केली का, तसं झालं. मॅडम म्हन्ल्या, आता सरळ त्या कर्जवाल्या कंपनीत जावा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. गेले मी नांदेडला, ह्यांना घेऊन, आन् असा आवाज लावला त्या ऑफिसात की शिपाई बी उठून उभा र्‍हायला. साहेबांनी फाईल मागवली. फाईल उघडली. फोटोत मोठी रजिया. वाळलेली, डोक्यावर पदर, पर तीच. नाव रजिया शेख, जन्म एक जून, मूळ गाव आमचंच. कर्ज दिलं तवा तिच्याकडं पॅन कार्ड नव्हतं, आन् तिथल्या कोनीतरी नाव आन् तारीख जुळली म्हनून माझा पॅनचा नंबर तिच्या फाईलीला लावून टाकला. गुरुजींनी बरं पडावं म्हनून लिहिलं ते हितं येऊन नडलं.

साहेब म्हन्ले, बाई, तुमचं पटतंय मला, पर वेगळं करायचं तर तिची ओळख पक्की करावी लागेल, तिचे कागद, तिचा अंगठा, आन् ती तर आम्हालाच सापडत न्हाई, घर बदललंय तिनं.

आम्हाला सापडली. बायांना विचारलं की बाई सापडती, उमरीच्या बाजारात बांगड्यांच्या गाड्यावर विचारलं. रस्ताभर मी शिव्या जुळवत गेले होते, खरं सांगते. दार उघडलं, तिनं माझ्याकडं बघितलं आन् म्हन्ली, बारके, किती जाड झालीस. आन् रडायलाच लागली. मी बी. शिव्या राहिल्या तशाच. तिचा नवरा हैदराबादला कामाला म्हनून गेला तो आलाच न्हाई, तवापासून हप्ते थांबले, गिरनी विकून पोरींचं भागवलं, आन् वसुलीवाले दारात येऊन बोलायचे म्हनून घर बदललं. मी माझं सगळं सांगितलं. ती म्हन्ली, मी तिथं गेले तर ते परत माझ्या दारात येतील, बारके, पोरी मोठ्या झाल्यात. चहा पिले, पोरींच्या हातावर काही ठेवलं, माझा नंबर दिला, निघाले. ऑफिसात तिचा पत्ता सांगितला न्हाई. ह्यांना म्हन्ले, जाऊ द्या गाळा. ते म्हन्ले, हाव, दुसरं काही बघू. पर रात्री दोघांना बी झोप न्हाई.

मे संपत आलेला. एक दिवस भाजीला फोडनी घालून राहिले होते, फोन आला. मोठी रजिया. म्हन्ली, बारके, मी नांदेडला तुझ्या त्या ऑफिसात बसलेय, साहेबाला देऊ का फोन? मी म्हन्ले, तू एकटी गेलीस? कामून गेलीस? ती म्हन्ली, कर्ज बी मी एकटीनंच घेतलं होतं. मंग फोनमधून मला ऐकू आलं, ती साहेबाला म्हन्ली, हे माझं हाय, तिचं नाव काढा. एवढंच म्हन्ली. माझी फोडनी जळाली, जळू दिली.

साहेबांनी तिचे कागद, अंगठा घेतला, नवं पॅन काढायला लावलं. मी परत हरकत घेतली, आन् ह्या वेळी त्यांनीच रिपोर्टवाल्यांना कळवलं, आमची चूक झाली, ही बाई वेगळी. तिची व्याज-दंडाची रक्कम कमी करून दिली, बारके बारके हप्ते बांधून दिले, वसुलीवाला दारात येनार न्हाई असं तिनं लिहूनच घेतलं, ते मात्र मी शिकवलं होतं. माझा रिपोर्ट दुरुस्त होऊन आला तवा जून लागून गेला होता. अप्पा थांबले. म्हन्ले, झेरॉक्सवाल्याला सांगितलं, आमची बाई नांदेडला भांडायला गेलीय, येऊ द्या तिला.

आता गाळा माझा हाय. ह्यांनी बेकरी सोडली, चपात्यांचं बघतात. आन् मोठी रजिया शिलाई करते, दर महिन्याला हप्ता भरला की पावतीचा फोटो मला पाठवती. मी म्हनते, मला कशाला, माझं तर नाव निघालं ना त्यातून. ती म्हनती, दुसरं कोन हाय बघायला. मंग मी बघते. हातातलं काम ठेवून, चष्मा लावून नीट बघते आन् तिला लिहिते, मिळालं. तिचा बी स्कोर चढून राहिलाय हळूहळू. अल्ला करो आन् तो एक दिवस माझ्या वर जावो, मंग ती मला फोन करील आन् म्हनील, बारके, तू मागं र्‍हायलीस.