शेततळ्याच्या काठावरच्या साती आसरा

सकाळी सात वाजता निंबवस्तीच्या पिण्याच्या विहिरीत शेवाळ्यांच्या भागूबाईंचा पोहरा तळाच्या दगडावर आपटला. वर आला तो चिखल घेऊन. वस्तीवर घरं तीस, विहीर एकच.

तर मंडळी, आज प्रश्न साधा आहे. कागदावरचं नाव बदललं की माणसाची करणी बदलते का? ऐका.

पाणी गेलं कुठं? दोनशे पावलांवर विश्वंभर काळदाते यांनी महिन्यापूर्वी खड्डा घेतला होता. चाळीस फूट खोल! कायदा सांगतो — गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. भागूबाईंनी अर्ज केला. एक नाही, तीन. तिसऱ्या अर्जावर मंडल अधिकारी टेप घेऊन आले.

विश्वंभर हात जोडून म्हणाले, "साहेब, विहीर कुठाय? हे शेततळं. चौकोनी आहे बघा."

चौकोनी! अहो, पोळी चौकोनी लाटली म्हणून ती काय पाटी होते?

"आन् खालून झरा फुटलाय, त्यो?" भागूबाईंनी विचारलं.

"आजी, आम्ही उद्देश बघतो," साहेब म्हणाले. "जमिनीखालचं पाणी काढायला खोदली ती विहीर. पावसाचं साठवायला खोदलं ते तळं. यांनी उद्देश पाऊस लिहिलाय."

"फाल्गुनात?"

"अर्जात महिना विचारत नाहीत."

भागूबाईंचं डोकं भणभणलं. उद्देश म्हणे! विश्वंभरच्या मनातलं त्या कुठून उकरून आणणार? वैतागून त्या काठाकाठानं चालू लागल्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात थबकल्या. शेंदूर फासलेले सात दगड. हळदकुंकू. फोडलेला नारळ.

मंडळी, या कोण? साती आसरा — पाण्याच्या देवता. विहिरीला पाणी लागलं की तुमच्या आजोबांनी बसवल्या, त्याच. विश्वंभर साहेबांना भ्याले नाहीत. आसरांना भ्याले!

"विश्वंभरा, पावसाच्या पाण्याला आसरा कोण बसवतं रे? झरा लागला तवाच बसवल्यास ना?"

विश्वंभर बुटाकडं बघत म्हणाले, "आईनं बसवल्या."

"म्हंजी म्हातारीला कळलं ही विहीर हाय. तुला तेवढं न्हाई कळलं."

साहेबांनी चष्मा पुसला. "पंचनाम्यात आसरांना रकाना नाही, आजी." तरी खाली शेरा मारला — 'उद्देशाबाबत संशय. भूजल खात्याचा अभिप्राय घ्यावा.'

हसताय? आपापल्या बांधावर काय काय आहे ते आठवा आधी. तलाठ्याला एक सांगायचं, देवाला दुसरं. देवापुढं खरं बोललात, बरं केलंत. पण देव काही विहिरीवर हंडा घेऊन येत नाही. येते ती शेजारीण. तिच्याशी खरं कधी बोलणार?

काल दुपारपर्यंतची हकिगत अशी: अभिप्राय आलेला नाही. विश्वंभर यांची मोटार चालू आहे. भागूबाईंनी चौथा अर्ज दिला असून त्याची पोच त्यांना मिळाली आहे.