बॅगेत बसेल असं मडकं

— नाय ओ हिरामणकाका, हे लय मोठं! यात आमचं अख्खं निडी गाव जेवेल. मला लहान पायजे, बॅगेत बसेल असं, वीतभर तोंडाचं. पोपटीलाच ओ! हसताय काय? ठाऊक हाय मला, शिमगा झाला, शेंगा वाळून त्यांचे वाल झाले, आता कुणी पोपटी लावत नाय. पण मला पुढच्या जानेवारीसाठी पायजे. ओळखलंत ना? निडीच्या ठमाबाईची चंद्रावती — व्हय, तीच, पेणच्या कॉलेजात इंग्रजी शिकली नि गेल्या श्रावणात जपानला शिकवायला गेली, ती. तुम्ही शोधा लहान मडकं, मी बोलते. तिकडं आठ महिने गप्प बसून माझी जीभ आखडलीय.

काय सांगू काका, मास्तरांच्या खोलीत वीस माणसं, नि आवाज कसला? कागदाचा! आणि मी? ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारणारी. पयल्या दिवशी वर्गात 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर पुढच्या बाकावरच्या पोरीच्या हातातनं पेन्सिल पडली. आणि चपला! दारातल्या वेगळ्या, वर्गातल्या वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या — एकदा संडासातल्या घालून मी अर्धा तास शिकवलं. कुणी बोललं का? नाय! सगळी पोरं खाली माना घालून बसलेली, मला वाटलं, वा, काय अभ्यासू पोरं. पायांकडं बघत होती ओ माझ्या! आता हसते, तेव्हा खोलीवर जाऊन रडले होते, खोटं कशाला बोलू.

मग जानेवारी आला नि इकडून सगळ्यांचे पोपटीचे फोटो यायला लागले. राहवतंय का? आईनं जाताना पोपटीत घालायचा भांबुर्डीचा वाळलेला पाला बॅगेत कोंबलेला — मी नको नको म्हणत होते, तर म्हणते, 'असू दे गो, वास तरी घेशील.' तिकडं वालाच्या शेंगा कुठल्या, सोयाबीनच्या घेतल्या, बर्फात गोठवलेल्या. अंडी घेतली, कोंबडी घेतली. आता हे सगळं भरून जाळात ठेवायला मडकं? मी आणली झाडाची कुंडी, मातीची. काका, कुंडीला बुडाला भोक असतं! कुंभारासमोर सांगायला लाज वाटते. पोपटी उपडी लावायची, म्हणजे भोक वर — नि त्यातनं असा धूर निघाला, असा धूर, वीटभट्टी पेटल्यागत!

आले की बंब. एक नाय, दोन! शाळेमागं नदी हाय, आपल्या कुंडलिकेसारखी, तिच्या काठावर मी जळकं लाकूड घेऊन उभी, समोर चार जवान पाइप धरून, नि हेडमास्तर वर्गातल्या चपलांनीच मातीतनं धावत येतायत. त्या चपला मातीत बघितल्या नि मला कळलं, प्रकरण मोठं हाय. मी ओरडतेय, 'कुकिंग, कुकिंग!' — आणि त्यांनी विझवली माझी पोपटी. मग तिथली रीत अशी की घरोघर जायचं, मिठाईचा डबा द्यायचा, कमरेत वाकून माफी मागायची. अकरा घरं वाकले मी. नोकरी गेली असंच धरून चाललेले. शेवटच्या घरात एक म्हातारी, पाच महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं डबा घेतला, मला वरपासनं खालपर्यंत बघितलं नि विचारलं — 'शिजलं होतं का?'

काका, मी तिच्या उंबऱ्यावर बसून हसले! ती पण हसली, चहा दिला. आणि सोमवारी वर्गात ती पेन्सिलवाली पोरगी उभी राहिली — 'टीचर, व्हाय फायर?' वर्गातनं आलेला पयला प्रश्न! मग काय, फळ्यावर मडकं, फळ्यावर शेंगा, अख्खा तास प्रश्नांवर प्रश्न. आता पुढच्या जानेवारीत शाळेचीच पोपटी ठरलीय, बंबवाल्यांकडं आधी अर्ज द्यायचा नि तेच जेवायला येणार. म्हणून बिनभोकाचं मडकं पायजे. हेडमास्तरांना शब्द दिलाय, आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही पण करून आले.

— काय? कायमची? कोण म्हणालं कायमची आले? हळू बोला ओ, आई सुक्या मासळीच्या गल्लीत गेलीय, येईल एवढ्यात. तिला यातलं काय ठाऊक नाय. तिनं मागची खोली रंगवून ठेवलीय, नवी चादर घातलीय. बाबा गेल्यापासनं घरात आम्ही दोघीच ना. तेरा दिवस झाले, रोज सकाळी ठरवते आज सांगायचं, नि चुलीपुढं तिची पाठ बघितली की तोंड मिटतं. आज सोमवार, गुरुवारचं विमान. तिकडं जाताना मला वाईट वाटत असतं ना, तर रडून सांगितलं असतं. पण मला आनंद होतोय काका! तिला एकटीला टाकून जायचा आनंद होतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू? ते जाऊ दे. तुम्ही मडकं पोत्यात गुंडाळून द्या, तिनं विचारलं तर सांगा मैत्रिणीचं हाय.

कुठं चाललात आत? ... अगो बाय! हेच, अगदी असंच! मग मघापासनं मोठी मोठी काय दाखवत होतात? ... दुसऱ्याचं हाय? सांगून बनवून घेतलेलं? मग त्यांचं मला कशाला देताय? ... कोण?

... आमची आई?

कधी आली होती? ... शिमग्याआधी? मी तर शिमगा झाल्यावर आले ओ. काय म्हणाली? ... 'पोर फोनवर हसायला लागलीय, आता ती इथं राहायची नाय.' असं म्हणाली? ... नि मी स्वतः परत जायचं बोलेन तेव्हाच मला द्या म्हणाली.

आत काय खरखरतंय?

भांबुर्डीचा पाला हाय.

... ती बघा, आलीच. नको काका, पोतं नको. तसंच द्या, हातातच धरते.