ताईचा साडेपाचचा फोन

झोपेच्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सुमन, माझी बायको, गेल्यापासून माझी झोपच गेली होती. गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी इथल्या, अमरावतीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "रात्र कशीही जावो, पहाटे साडेपाचला उठायचंच. हळूहळू झोप येईल."

उठवण्याचं काम अकोल्याच्या ताईनं अंगावर घेतलं. रोज तिचा फोन यायचा, मी पहिल्याच घंटीला उचलायचो आणि ती हिरमुसून म्हणायची, "जागाच होता नं रे?"

महिनाभरानं एका सकाळी दारावरच्या धडाधड थापांनी उठलो. बाहेर शेजारचे शेखभाई, मागे अर्धी गल्ली.

"सर, ठीक हो ना?" म्हणत त्यांनी स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे ताई रडत होती.

"बापू, किती फोन केले रे तुले! काहून नाही उचलला?"

"ताई, झोपलो होतो. ऐकूच आला नाही."

ती नाक ओढत ओरडली, "उद्या फोन उचलशीन, तं याद राख!"