बिनकॉलरचा स्वेटर

चैत्राच्या उन्हात कर्जतच्या रॉकेलच्या रांगेत वाचनालयाचे ग्रंथपाल गंगाधरपंत उभे होते, तेही अंगात लोकरीचा बटणांचा स्वेटर घालून. पुढे उभ्या असलेल्या धोंडूबाई आणि सुंदरा या दोघींचं मागे लक्ष नव्हतं, आणि बोलणं मात्र त्यांच्याचबद्दल चाललं होतं.

“धोंडूबाई, ते पंत एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला घालतात गं?”

“मी इनलाय तो.”

“तू?”

“इनकामाच्या पुस्तकात वाचून. रातच्या वर्गात अक्षरं शिकले नि वाचनालयात गेले. पंतांची रीत ठावं हाय ना? पुस्तक परत देताना आत काय हाय ते सांगायचं, मगच दुसरं मिळतं.”

“मंग सांगितलंस?”

“चार बाप्यांपुढं तोंड उघडंना. स्वेटरच ठेवला टेबलावर.”

“अगं बया.”

“सगळे हसले. कॉलरच नाय त्याला. वाचनालयाचा चिटणीस म्हनला, हिला कुठलं वाचता येतंय, दुसऱ्या कुणाकडनं इनून आणलाय.”

“पंत काय म्हनले?”

“पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरलं. कॉलरीचं पानच फाटलेलं.”

“म्हंजे?”

“म्हंजे पुस्तकात होतं तेवढं इनलं मी. चिटणिसानं दुसऱ्या पुस्तकापुढं माझं नाव वहीत लिवलं.”

“आता काय वाचतेस?”

“पंतांचं आवडतं. एका चोराची गोष्ट हाय. पंत ते खणात ठेवतात, चिटणिसालाबी देत नाय.”

रांग सरकली, तशी सुंदराने मागे वळून पाहिलं.

“पंत, तुमी हितं? उकडत नाय का?”

“छे,” म्हणत पंतांनी गळ्याजवळचं सुटलेलं बटण लावून घेतलं.