‘नो शो’ म्हणजे तोंड दाखवणं नव्हे

विमानाचं तिकीट रद्द करणं सोपं, असं म्हणणाऱ्यानं माझं ऐकावं. हैदराबादच्या भाचीचं लग्न महिनाभर पुढं गेलं. तिकीटवाला फोनवर म्हणाला, "रद्द करा स्वामी. नुसतं गेला नाहीत तर ‘नो शो’ होईल, पैसे बुडतील."

मला वाटलं, जाऊन तोंड दाखवलं की पैसे वाचतात. विमानाच्या दिवशी माझ्या दुकानातून उठलो नि पायातल्या चपलांवरच म्हैसूरचा विमानतळ गाठला.

"आलो बघा अम्मा, आता रद्द करा."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, रद्द करायची मुदत संपली. आता फक्त बसता येईल."

"अय्यो! आणि नाही बसलो तर?"

"नो शो."

चरफडत विमानात बसलो. हैदराबादला बहिणीनं दार उघडलं. "दादा, लग्न पुढच्या महिन्यात आहे रे!"

म्हटलं, "ठाऊक आहे गं. मी तिकीट रद्द करायला निघालो होतो."