ट्रॅक्टरवरून दिसणारे आकडे

दोस्तहो, मालकासमोर तोंड उघडत नाही म्हणून तुम्ही मला मुका म्हणता ना, मग हे ऐका. मारेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी सांभाळतो. स्क्रीनवरचे आकडे इतके बारीक होते, की ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला ते दिसायचेच नाहीत. मी ते मोठे केले, तर शेवटचा आकडा कापला जायला लागला. चौकट जुन्याच मापाची होती. मग आकड्यांची रुंदी मोजून चौकट आखायला प्रोग्रामला शिकवलं.

मालक भडकले. "येवढे मोठे काहून केले? आता जो तो वजनावरून भांडून राह्यला. लहान कर, नाहीतर घरी जा."

मी म्हणालो, "जातो मालक, पण आकडे लहान करत नाही. उद्या बाबासंग आमच्या वावरातला कापूस घेऊन येतो, तवा मलेबी ट्रॅक्टरवरूनच वाचा लागते."